जागा संपत आली आहे

पंधरा दिवस झाले, पडद्यावर तेच:
जागा संपत आली आहे.
पहिल्यांदा वाटलं, कुणी बर्फाच्या कोठीबद्दल विचारतंय.

बंदीचे दिवस. होड्या वर ओढलेल्या, झापांखाली.
कारखान्याचं यंत्र थांबलेलं, म्हणून ऑफिसात
पंख्याचा आवाज ऐकू येतो.
म्हटलं, आता बसून निवडू या.

अकरा हजार चारशे सहा मेल, न वाचलेले.
वीजबिलं. पासवर्ड बदला. पासवर्ड बदलला का.
डिझेलच्या परताव्याचा अर्ज, मग तोच 'फायनल',
मग 'फायनल खरा', मग 'हाच पाठव'.
आधारकार्ड सात वेळा, सातही तिरपी.
आणि नणंदेला लिहायला घेतलेला एक मसुदा, नऊ वर्षांपूर्वीचा:
'प्रिय मंदाताई,'
पुढे काही नाही.
भांडण कशावरून होतं ते मला आठवत नाही.
स्वल्पविराम तेवढा यंत्रानं जपून ठेवलाय.

जेटीवर जयवंती खवळे मासळी निवडते
तेव्हा तोंड भलत्याशीच बोलत असतं, हात आपले चालू.
बांगडा इकडे, सौंदाळा तिकडे,
मांदेली टोपलीत, ठेचलेलं खताला.
एका माशाकडे ती दोनदा बघत नाही.
मी एका बिलाकडे चारदा बघते.
असू दे, लागलं तर.
'लागलं तर' असं फोल्डर केलं
आणि तासाभरात सगळं त्यातच.

खरं म्हणजे मी एकच गोष्ट शोधत होते.
बाबलकाकांनी एकदा खुणा सांगितल्या होत्या,
पाण्याखाली खडप कुठे, जाळं कुठे फाटतं,
आणि मी त्या इथेच बसून टाईप केल्या होत्या.
'खडप' शोधलं. नाही.
इंग्रजी अक्षरांत शोधलं, मग एक अक्षर वाढवून.
'बाबल' घातलं तर रेशनकार्ड आलं.
सापडल्या त्या 'नवीन फोल्डर तीन'मध्ये,
भावाच्या लग्नातल्या जेवणाच्या यादीला चिकटून:
पानं तीनशे, सोलकढी वीस लिटर,
देवळाचा कळस आणि मुजावरांचा वाकडा माड
एका रेषेत आला की इंजिन हळू.

काकांना वाचून दाखवलं.
जाळ्याची सुई दातांतून काढून म्हणाले,
"तो माड खंय आता? वादळात पडलो.
आता टॉवर धर."

टॉवर. ज्याच्यावरून हे अकरा हजार उतरले माझ्या अंगणात,
आणि जो पावसात दोन-दोन दिवस मुका असतो.
भर समुद्रातून तोच दिसतो म्हणे, रात्री लाल.

नवी फाईल केली. नाव द्यायला वेळ लागला.
पाण्यावर पाटी लावता येत नाही,
किनाऱ्यावरच्या दोन उभ्या गोष्टी
एकीमागे एक आणायच्या, एवढंच.
म्हणून नावातही दोनच गोष्टी: 'कळस टॉवर'.
जुनी पुसली नाही.
माड पडला, खडप काही हलला नाही.

मग उगाच मंदाताईंचा मसुदा उघडला.
स्वल्पविरामापुढे लिहिलं, सुकी सुंगटं पाठवू का?
आणि विचार करायच्या आत पाठवून टाकलं.

संध्याकाळी जयवंती डोकावली.
"झालां निवडून?"
दहा हजार नऊशे एकोणीस, मी म्हटलं.
ती स्टूल ओढून बाजूला बसली, हात पदराला पुसले.
"दाखय. ह्यां काय? टाक.
ह्यां? टाक.
ह्यां?"
लागलं तर, मी म्हटलं.
"लागला तर नवीन काढूक येता. टाक."

पाऊण तासात साडेचारशे गेले.
मग एक फोटो आला, अंधुक, कलता,
वजनकाट्याचा. एकेचाळीस किलो, सुरमई.
तिनं माझं मनगट धरलं.
"ह्यो रवांदे.
ह्याचे पैशे अजून येवचे आसत."